परतीच्या तिकिटाआधी

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' कुणाला म्हणायचं याची लांबलचक यादी आहे. बेघर, भीक मागताना सापडलेली, कामाला जुंपलेली, आईबापांनी टाकलेली, लहान वयात लग्न लावून दिलं जाण्याची भीती असलेली, अशी सगळी मुलं तीत येतात. यादीतल्या सातव्या खंडात एका दमात तीन प्रकारची मुलं बसवली आहेत: हरवलेली, पळून गेलेली आणि चौकशी करूनही ज्यांच्या आईबापांचा पत्ता लागत नाही अशी. मसुदा करणाऱ्याला हे सोयीचंच वाटलं असणार. फलाटावर किंवा पोलीस ठाण्यात ही तिन्ही मुलं सारखीच दिसतात, एकटी आणि मोठ्या माणसावाचून. पण जत्रेत आईचा हात सुटलेल्या पाच वर्षांच्या पोराला घर हवं असतं आणि ते त्याला सापडत नसतं. तेरा वर्षांच्या पोराला घर कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असूनच तो तिथून निघालेला असतो.

या संग्रहात लिहिणाऱ्यांमध्ये वकील आहेत, बाल कल्याण समितीवर काम केलेली माणसं आहेत, रेल्वे फलाटांवर मुलांशी बोलण्यात उमेदीची वर्षं घालवलेले कार्यकर्ते आहेत. त्यांचं आपसांत फारसं एकमत नाही, आणि ते मला बरं वाटलं. पण जवळजवळ प्रत्येक लेखात कुठे ना कुठे एक तक्रार येते. पळून आलेलं मूल समोर आलं की आपली यंत्रणा त्याचं घर शोधायला धावते. ते घर त्यानं का सोडलं, हा प्रश्न मात्र कागदावर एका ओळीत उरकला जातो. हरवलेली वस्तू मालकाला पोचती करावी तसं हे काम चालतं. हरवलेल्या मुलासाठी ती घाई योग्य आहे. पळून आलेल्या मुलाने मात्र, कितीही कच्चा असो, एक निर्णय घेतलेला असतो. कायद्यात बदल करायचा तर तो इथून सुरू व्हायला हवा, असं माझं मत आहे. प्रस्तावनेत मत मांडू नये असा संकेत असल्यास तो मी पाळत नाहीये.

आधी थोडा इतिहास. मुंबईत तो दगडविटांत उभा आहे. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, त्या तुरुंगाचं पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं म्हणून तो तुरुंग मराठी वाचकाच्या लक्षात राहिला. त्याच भिंतींआड नंतर राहून गेलेल्या हजारो पोरांनी काही लिहिलं नाही. अजूनही मुंबईत कुणी 'बालगृह' म्हणत नाही, 'रिमांड होम'च म्हणतात, आणि पोरं नुसतं 'डोंगरी' म्हणतात. मीरा नायर यांच्या १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'मध्ये ज्या 'चिल्लर रूम'ला पोरं टरकून असतात, ती हीच जातकुळी. त्या सिनेमातल्या कृष्णाला आईनं पाचशे रुपये कमावल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणून बजावलेलं असतं. तो पळालेला की हाकललेला, हे आजच्या कायद्यालाही सांगता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याच्या नजरेत बेवारस पोर आणि भुरटा चोर यांत फार अंतर नव्हतं. १८५० च्या अप्रेंटिस कायद्यानं दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कुणाच्या तरी हाताखाली कामाला बांधून देता येत असे. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा मुंबईत निघाली, १८९७ साली सुधारशाळांचा कायदा आला. मग १९२४ चा मुंबई बालक अधिनियम, १९२७ ची चिल्ड्रन्स एड सोसायटी, स्वातंत्र्यानंतर १९४८ चा नवा मुंबई बालक अधिनियम. भाषा हळूहळू मऊ होत गेली, कुलूप मात्र तेच राहिलं.

१९८६ साली देशभरासाठी एकच कायदा झाला. त्यात 'उपेक्षित' आणि 'अपराधी' असे दोन वेगळे वर्ग केले, उपेक्षितांसाठी मंडळं आणि अपराध्यांसाठी बाल न्यायालयं नेमली, आणि चौकशी चालू असेपर्यंत दोघांना एकाच निरीक्षणगृहात ठेवण्याची मुभा दिली. बापाच्या मारापायी पळालेला पोरगा आणि चाकू चालवलेला पोरगा एका पंगतीत जेवत असत. त्याच कायद्यात 'अनियंत्रित' मुलांसाठी एक कलम होतं. पोरगा आपल्या ताब्यात राहत नाही अशी तक्रार आईबापांनी मंडळाकडे करायची, मंडळाला पटलं तर त्याला निरीक्षणगृहात धाडायचं. २००० च्या कायद्यातून ते कलम गेलं. गुन्हा केलेली मुलं आणि आधाराची गरज असलेली मुलं खऱ्या अर्थानं वेगळी झाली, मुलगा-मुलगी दोघांसाठी अठराची मर्यादा आली, बाल कल्याण समित्या आल्या. २०१५ च्या कायद्यानं हीच चौकट पुढे नेली. कलम गेलं तरी बापांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. समितीपुढे आजही एखादा बाप हात जोडून म्हणतो, "मॅडम, चार महिने ठेवून घ्या याला, सरळ होऊ दे जरा."

आता पळून आलेल्या मुलाचं नेमकं काय होतं ते पाहू. कायदा सांगतो की ते कुणालाही सापडलं तरी प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे, महिन्यातून किमान वीस दिवस बैठक. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा, अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा. मुलाला घरी सोपवण्यापूर्वी आईबाप त्याला सांभाळायला योग्य आहेत का हे समितीनं ठरवायचं, असं कलम ४० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तिसऱ्या कलमातल्या तत्त्वांमध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानावा असं आहे. कागदावर हा कायदा चांगला आहे. वाईट असता तर सुधारायला सोपा गेला असता.

अडतं कुठे, ते एका सुनावणीवरून सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मुलगा बारा वर्षांचा, मराठवाड्यातला. रात्रीच्या गाडीनं जनरल डब्यात बसून कल्याणला उतरला. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला त्यानं नाव खोटं सांगितलं, गाव खोटं सांगितलं, आईबाप वारले म्हणून सांगितलं. बालगृहातल्या बाईंनी चार दिवस काही विचारलंच नाही, नुसतं सोबत कांदे निवडायला बसवलं. पाचव्या दिवशी शाळेचं नाव बाहेर आलं आणि त्यावरून घर लागलं. आईबाप ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. शाळा बुडू नये म्हणून पोराला चुलत्याकडे ठेवलेलं. चुलता गुरं राखायला लावायचा आणि पट्ट्यानं मारायचा.

वडील आले. मुकादमाकडून दोन दिवसांची सुट्टी मागून, रात्रभर उभ्यानं प्रवास करून आले होते. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, सरपंचाचं पत्र, शंभराच्या स्टॅम्पवरचं हमीपत्र. पोरासाठी नवी चप्पलही आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. कागद वाचता येतील म्हणून चुलत्यालाही बरोबर घेतलं होतं. समितीनं कागद तपासले, सगळे बरोबर होते. मग वडिलांच्या आणि चुलत्याच्या देखत मुलाला विचारलं, "जाशील ना घरी?" त्यानं मान हलवली. नोंद झाली: बालकाची घरी जाण्याची इच्छा आहे. वडिलांचा अंगठा घेतला, ताबा दिला. त्याच रात्रीच्या गाडीनं मुलगा ज्या घरातून पळाला होता त्याच घरी परत गेला, कारण वडिलांनी उचल घेतलेली होती आणि त्यांना थेट फडावर पोचायचं होतं.

या गोष्टीत खलनायक शोधू नये. समितीपुढे त्या दिवशी बरीच प्रकरणं होती. वडील प्रेमळ होते. चुलतासुद्धा, खेड्यातल्या हजार चुलत्यांसारखा, आपण पोराला वळण लावतोय याच समजुतीत असणार. चूक झाली ती एका ठिकाणी. कायद्यानं विचारलं होतं, हे पालक योग्य आहेत का. प्रत्यक्षात तपासलं गेलं, हे पालकच आहेत ना. आधार कार्डावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, पहिल्याचं मिळत नाही. आणि मूल प्रत्यक्षात कुणाच्या छपराखाली झोपणार आहे, हे तर कुणीच विचारलं नाही. पालक योग्य ठरले, घर तपासलंच नव्हतं.

सामाजिक तपासणी अहवालातून हे कळायला हवं होतं. पण मूल सापडतं ठाण्यात, घर असतं बीड किंवा परभणीला. ठाण्याच्या कक्षानं तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र पाठवायचं, तिथल्या कर्मचाऱ्यानं गावी जाऊन पाहायचं, अहवाल परत यायचा. त्याच्याकडे अख्खा जिल्हा असतो. इकडे बाप दाराशी बसलेला, त्याचा रोज बुडतोय. अशा वेळी अहवालासाठी बापाला आठ दिवस थांबवणं क्रूर वाटतं, आणि न थांबवणं पोराच्या जिवावर येऊ शकतं. यावर एका लेखात सुचवलेला उपाय मला सगळ्यांत व्यवहार्य वाटला: पळून आलेल्या मुलाच्या बाबतीत घराकडचा अहवाल व्हिडिओ कॉलवरून का होईना, पण स्थानिक कर्मचाऱ्यानं घरात उभं राहून दिल्याशिवाय ताबा देऊ नये, आणि तोवर बापाच्या राहण्याजेवणाचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च शासनानं उचलावा. समितीच्या सोयीसाठी बापानं उपाशी का राहायचं?

दुसरी सूचना त्याहून साधी आहे. मुलाचं म्हणणं पालक येण्याआधी, पालकांच्या गैरहजेरीत, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. 'किरकोळ कारणावरून घर सोडले' हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की त्याचा शिक्काच करून घ्यायला हरकत नाही. किरकोळ म्हणजे काय, तर परीक्षेत नापास झाला, मोबाईल काढून घेतला, आई रागावली. पण नापास होणारी सगळी मुलं पळत नाहीत. त्या निकालानंतर घरात काय होणार होतं, याची पळणाऱ्याला खात्री असते.

'पळून येणारी अशी किती असणार?' असा प्रश्न कुणाच्या मनात येईल, म्हणून आकडे. रेल्वे सुरक्षा दल 'नन्हे फरिश्ते' नावाची मोहीम चालवतं. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत त्यांनी ८४,११९ मुलांना स्थानकांवर आणि गाड्यांमध्ये ताब्यात घेतल्याचं रेल्वेनं जाहीर केलं. त्यातल्या एकट्या २०१८ सालची फोड बघा: १७,११२ मुलांपैकी १३,१८७ पळून आलेली होती. हरवलेली २,१०५. अपहरण झालेली ८७. म्हणजे दर चार मुलांमागे तीन स्वतःहून घराबाहेर पडलेली. रेल्वे स्थानक हे काही अख्खा देश नव्हे, एसटी स्टँडवर आणि हायवेच्या ढाब्यांवर सापडणाऱ्यांची तिथे नोंद नाही. तरी अंदाज यायला एवढं पुरेसं आहे.

हे आकडे फौजदारी कायद्याशेजारी ठेवून पाहावेत. मे २०१३ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच तपास करायचा. त्याआधी पोलीस 'येईल दोन दिवसांत, मित्राकडे बघा' म्हणून पालकांना परत पाठवत, आणि ते दोन दिवसच मुलीला कुंटणखान्यापर्यंत पोचवायला पुरत. त्यामुळे आदेश हवाच होता, आणि त्यानं मुलं वाचली यात मला शंका नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा की पोरगं कुठल्याही कारणानं घराबाहेर पडलं की ठाण्यात '३६३', म्हणजे अपहरणाचा गुन्हा, दाखल होतो. भारतीय न्याय संहिता आल्यापासून तोच १३७ झाला आहे. मूल सापडलं की गुन्ह्याचा तपास संपतो, आणि मुलाची चौकशीही त्याबरोबरच संपते. अपहरणकर्ता नव्हता एवढं सिद्ध झालं, आता घेऊन जा.

मुलींच्या बाबतीत गाडी याच्या अगदी उलट दिशेनं जाते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी कुणाबरोबर निघून गेली तर तपास संपता संपत नाही. एनफोल्ड ट्रस्टनं महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतले २०१६ ते २०२० मधले पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचे ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा त्यातली जवळपास चौथाई प्रकरणं प्रेमसंबंधांची निघाली. मुलगा तुरुंगात जातो आणि मुलगी बालगृहात, कारण तिला घरी जायचं नसतं आणि दुसरीकडे कुठे जायची सोय कायद्यात नसते. अठरा पूर्ण होईपर्यंत दिवस मोजत बसणाऱ्या मुली प्रत्येक जिल्ह्याच्या बालगृहात भेटतात. त्यातली एखादी ठरलेल्या लग्नातून सुटण्यासाठी पळालेली असते, तिच्यासोबतचा मुलगा नुसता बसस्टँडपर्यंत सोडायला आलेला असतो.

आपल्या न्यायालयांना हा फरक कधी कळलाच नाही असंही नाही. १९६० च्या दशकात एस. वरदराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अज्ञान मुलीला 'नेणं' आणि जाणत्या वयाला आलेल्या मुलीनं स्वतःहून निघून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या परिस्थितीत नुसतं सोबत राहिल्यानं अपहरण होत नाही. मुलगी कॉलेजात शिकत होती, स्वतः फोन करून ठरल्या जागी आली होती. आरोपी सुटला. हा निकाल आजही वकील काढून दाखवतात. पण त्याचा उपयोग आरोपीला होतो. मुलीनं घर का सोडलं याची दखल घ्यायला फौजदारी खटल्यात जागाच नसते.

ती जागा अलीकडे एका प्रकरणात निर्माण झाली, आणि तिच्याकडे वाचकांनी जरूर लक्ष द्यावं. पश्चिम बंगालमधली मुलगी चौदाव्या वर्षी घर सोडून पंचविशीतल्या माणसाकडे गेली. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडताना किशोरवयीन मुलींनी कसं वागावं यावर उपदेश केला. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन ऑगस्ट २०२४ मध्ये दोषसिद्धी पुन्हा कायम केली, आणि मग तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीला, आता ती एका लेकराची आई होती, काय हवंय हे विचारायला लावलं. समितीसमोर आलेलं चित्र अस्वस्थ करणारं होतं. तिला घरच्यांनी टाकलं होतं, शासनानं वेळेवर विचारलं नव्हतं, आणि तिचा सगळा लढा नवऱ्याला तुरुंगातून सोडवण्यासाठी चालला होता. मे २०२५ मध्ये न्यायालयानं त्याला प्रत्यक्ष शिक्षा न देण्याचा निर्णय दिला. या निकालावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, संग्रहात दोन लेख तसे आहेतही. मला खटकते ती वेळ. जो प्रश्न तिला चौदाव्या वर्षी, पहिल्या आठवड्यात, स्थानिक बाल कल्याण समितीनं विचारायचा होता, तो सर्वोच्च न्यायालयानं विचारेपर्यंत ती सज्ञान झाली होती.

फलाटावर काम करणाऱ्यांना असल्या चर्चेचा राग येतो, तेही समजून घेतलं पाहिजे. मुंबईसारख्या स्थानकावर उतरलेल्या मुलाचे पहिले काही तास निर्णायक असतात. कुणी तरी वडापाव देतं, कुणी तरी झोपायला जागा दाखवतं, आणि त्या 'कुणी तरी'चा हेतू पोराला आठ दिवसांनी कळतो. व्हाइटनरची चटक लागायलाही फार दिवस लागत नाहीत. साथी, समतोल, सलाम बालक अशा संस्थांचे कार्यकर्ते गाडी लागताच डब्यांपुढे उभे राहतात ते यासाठी. दिल्ली उच्च न्यायालयात २०१२ साली दाखल झालेल्या याचिकेमुळे रेल्वेनं २०१५ मध्ये स्वतःची कार्यपद्धती ठरवली, मोठ्या स्थानकांवर मुलांसाठी मदत कक्ष आले. त्यांच्यामुळे कित्येक मुलं फलाट सोडण्याआधीच हाती लागतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी घराची आठवण येऊन रडू येतं आणि त्यांना घरी पोचवणं हेच बरोबर असतं. याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मुलाला थांबवायची घाई करावीच. त्याला परत पाठवायची घाई ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपण दोन्हींना एकच 'सुटका' म्हणतो.

थांबवलेल्या मुलाला ठेवायचं कुठे? इथे कायद्यात एक चांगली तरतूद धूळ खात पडली आहे: कलम ४३ मधला खुला निवारा. वस्तीजवळ, थोड्या दिवसांसाठी, कुलूप नसलेला. रस्त्यावर रुळलेलं किंवा रुळू पाहणारं मूल बंद बालगृहात टिकत नाही, भिंत ओलांडतं. मग रजिस्टरमध्ये 'पलायन' अशी नोंद होते, अधीक्षकावर नोटीस येते, आणि पुढच्या वेळी दाराला आणखी एक कडी लागते. खुल्या निवाऱ्यात ते सकाळी बाहेर गेलं तरी रात्री जेवायला येतं, आणि येत राहिलं तर तिसऱ्या आठवड्यात बोलतं. अशी जागा चालवायला धीर लागतो, आणि सरकारी लेखापरीक्षणाला धीर नसतो. 'काल पंधरा मुलं, आज नऊ, सहा कुठे गेली' याचं उत्तर मागितलं जातं. म्हणून अनुदान बंद पडतं. हेल्पलाइनचंही असंच झालं. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली १०९८ चाइल्डलाइन संस्थांच्या कार्यकर्त्यांकडून काढून आता शासनाकडे घेतली आहे आणि पोलिसांच्या ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. प्रतिसाद कदाचित जलद मिळत असेल. पण घरातून निघालेलं पोर ज्याला सगळ्यांत जास्त घाबरतं तो पोलीसच असतो.

अमेरिकेतला एक अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे घरातून पळणं, शाळा बुडवणं हे मुलानं केलं तरच गुन्ह्यासारखं धरलं जाई, मोठ्यानं केलं तर नाही. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांना निधीच्या बदल्यात अट घातली की अशा मुलांना कोंडायचं नाही, आणि त्याच कायद्यात पळून गेलेल्यांच्या निवाऱ्यांसाठी पैसेही ठेवले. १९८० मध्ये न्यायाधीशांच्या आग्रहाखातर पळवाट आली: न्यायाधीशानं 'घर सोडू नकोस' असा रीतसर आदेश द्यायचा, मुलानं घर सोडलं की आदेशभंगाबद्दल त्याला कोंडायचं. पळण्याची शिक्षा दाराबाहेर काढली ती खिडकीतून आत आली. आपल्याकडे कोंडण्याचं नाव 'संरक्षण' आहे, त्यामुळे पळवाटेचीही गरज पडत नाही.

सगळ्यांत मोठी उणीव दुसऱ्यांदा पळणाऱ्यांच्या बाबतीत आहे. पहिल्यांदा पळालेलं मूल आणि तिसऱ्यांदा पळालेलं मूल यांच्यात आपला कायदा काहीच फरक करत नाही. प्रत्येक वेळी नवी फाईल, बहुधा नवं शहर, नवी समिती. नाशिकच्या समितीला भुसावळच्या समितीनं सहा महिन्यांपूर्वी काय ठरवलं होतं याचा पत्ता नसतो. पुन्हा पळणं ही घराविषयीची सगळ्यांत भक्कम साक्ष आहे, पण तिचा उपयोग मुलाविरुद्ध होतो: "याला सवयच आहे." निदान एवढं नियमांत यावं की दुसऱ्यांदा पळालेल्या मुलाला त्याच पत्त्यावर परत पाठवायचं असेल तर समितीनं कारणं लेखी द्यावीत, आणि पाठवल्यावर दर महिन्याला कुणी तरी त्याला घराबाहेर, एकट्याला भेटावं. देखरेखीखाली घरी सोपवण्याची तरतूद कलम ३७ मध्ये आहेच. घरची अडचण पैशाची असेल तर मिशन वात्सल्यमधून महिना चार हजारांचं प्रायोजकत्व मिळू शकतं, राज्याची बालसंगोपन योजना सव्वादोन हजार देते. कल्याणला सापडलेल्या त्या मुलाची मावशी त्याच्या गावातच राहत होती आणि त्याला ठेवून घ्यायला तयार होती, हे नंतर कळलं. त्या पैशांत ते जमलं असतं.

राहता राहिला सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न, ज्यावर या संग्रहातला शेवटचा लेख आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यानं चौदा वर्षांपुढच्या मुलाला धोकादायक नसलेलं काम करायला मुभा दिली. म्हणजे घर सोडून पुण्यात आलेला सतरा वर्षांचा मुलगा दुकानात कायदेशीरपणे काम करू शकतो, पण स्वतःच्या जबाबदारीवर खोली घेऊन राहू शकत नाही. सापडला की समितीपुढे. अठरा ते एकवीस या वयातली शासकीय मदतही संस्थेत राहून बाहेर पडलेल्यांनाच मिळते. जो कुणाच्या हाती लागला नाही, स्वतःच्या पायावर उभा राहिला, त्याच्यासाठी काहीच नाही. लेखकाचं म्हणणं असं की सोळा पूर्ण झालेल्या मुलाला समितीच्या परवानगीनं, एका कार्यकर्त्याच्या नजरेखाली, स्वतंत्र राहू द्यावं. मला हे मुलांच्या बाबतीत बरंचसं पटतं. मुलींच्या बाबतीत, आजच्या पुण्या-मुंबईकडे पाहता, धाडस होत नाही, आणि मुलगा-मुलगी असा भेद करून कायदा लिहायलाही मन घेत नाही. लेखकाशी यावर माझा फोनवर वाद झाला आणि तो मिटलेला नाही. वाचकांनी पुस्तकाची सुरुवात हवी तर त्याच लेखापासून करावी.